शिगेनोवहिनींची फोर-व्हील

फोर-व्हील गाडी घेतली की बर्फाची भीती संपली, असं ज्याला वाटतं त्याने वसंतात एकदा माझ्या गॅरेजच्या मागे येऊन बघावं. ओळीने उभ्या असतात या शहाण्यांच्या गाड्या. कुणाचं नाक चेपलंय, कुणाची कूस फाटलीय, आणि सगळ्या फोर-व्हील. अहो, चारही चाकांना जोर मिळाला की गाडी उठते, चढते, भुसभुशीत बर्फात सहसा रुतत नाही, हे कबूल. पण थांबायचं म्हटलं की सगळ्या गाड्या सारख्याच. ब्रेक काय, दोन चाकं ओढणाऱ्या गाडीलाही चारच असतात. त्यात टायरचं रबर जुनं होऊन कडक झालं असेल, तर मग नाव घ्या देवाचं. जन्म गेला माझा हे सांगण्यात. ऐकतं कोण? लोक जाहिरातीचं ऐकतात आणि मग माझ्याकडे येऊन रडतात.

मन लावून ऐकलं ते एकाच माणसाने, ते म्हणजे आमच्या शिगेनोवहिनी.

त्यांचं, म्हणजे ओबोनाईंचं, घर वरच्या वाडीत, अगदी टोकाला. मी खालच्या वाडीत पेट्रोलपंप चालवतो, शेजारी गॅरेज. अकिताच्या या डोंगरात दोन वाड्यांमध्ये एकच रस्ता आहे, देवळाखालच्या वळणावरून जाणारा, आणि हिवाळाभर त्याच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच बर्फाच्या भिंती असतात. वहिनींचे यजमान एइझो माझ्या थोरल्या भावासारखे. गावाचं बर्फ ढकलायचं यंत्र तेच चालवायचे, म्हणून मी त्यांच्या बायकोला पहिल्यापासून वहिनी म्हणत आलो. एइझोदादांनी वहिनींना कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. ‘तुला कुठे जायचंय ते सांग, मी सोडतो,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग एका शरद ऋतूत ते स्वतःच गेले, आणि वहिनींना सोडणारं कुणी उरलं नाही.

साठीला टेकलेल्या होत्या तेव्हा. शहरातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये विशीतल्या पोरापोरींबरोबर बसून लायसन घेऊन आल्या. आल्या त्या थेट माझ्यापुढे उभ्या. “तोकुजी, तिथे मला रस्ता शिकवला. आता बर्फ तू शिकव.”

मी त्यांना कापणी झालेल्या भातखाचरात शिकवलं, गुडघाभर बर्फ पडल्यावर. दादांचाच छोटा पांढरा टेम्पो, एरवी मागची दोन चाकं ओढणारा, दांडा टाकला की पुढची जोडली जायची. दांडा कधी टाकायचा, कोरड्या रस्त्यावर आठवणीने कधी काढायचा, नाहीतर वळताना गाडी कशी अडून बसते, सगळं सांगितलं. उतारावर ब्रेकला पाय लावायचा नाही, गिअर खाली आणून इंजिनलाच गाडी धरू द्यायची. थंडीत उभी करताना हँडब्रेक ओढायचा नाही, तो रात्रीत गोठतो आणि सकाळी गाडी जागची हलत नाही. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. माझ्या सख्ख्या जावयाला मी हे सगळं अजून सांगतोय.

रिकाम्या टेम्पोचं मागचं अंग हलकं असतं, म्हणून आमच्याकडे लोक हिवाळ्यात मागे वाळूची पोती टाकतात. वहिनींनी टाकले लोणच्याचे दगड. मुळ्याच्या लोणच्यावर पिंपात दाब द्यायला ठेवतात ना, ते गोल काळे धोंडे. मी म्हटलं, “वहिनी, मग लोणच्यावर काय ठेवणार?”

“पूर्वी चार पिंपं घालायचे. आता एक पुरून उरतं,” त्या म्हणाल्या. “माणसं कमी झाली, दगड रिकामे झाले.”

असं बोलून जायच्या त्या, आणि वर हसायच्या. 

वरच्या वाडीतलं एकेक घर बंद होत गेलं. कुणी मुलाकडे गेलं, कुणी वृद्धाश्रमात, कुणी दादांच्या शेजारी देवळामागे. बर्फ ढकलणारं यंत्र आता फक्त वहिनींच्या दारापर्यंत जाऊन वळायचं. खरं सांगायचं तर तो टेम्पो होता म्हणून त्या तिथे होत्या. टेम्पो गेला असता तर हिवाळ्यात रॉकेल कोण आणणार, तांदूळ कोण, दवाखान्यात कोण नेणार? बस तर कधीच बंद झालेली.

आणि नेमका त्या टेम्पोवरूनच मायलेकांचं भांडण होतं.

मुलगा नोबुया, एकुलता एक, योकोहामात. चांगला आहे हो पोरगा, वाईट नाही. आईची काळजी त्याला खरीच होती. टीव्हीवर बातमी लागायची, अमुक गावी ऐंशीच्या बाईंची गाडी घसरली, तमुक गावी आजोबा दुकानात घुसले, की याचा फोन. आणि नुसता फोन नाही, हिवाळ्यात तो स्वतः यायचा. वर्षअखेरीला यायचा, फेब्रुवारीत छपरावरचं बर्फ उतरवायला यायचा, मार्चात बर्फ मऊ होऊन जास्त दगाबाज होतं म्हणून यायचा. दर वेळी जेवणावरून उठायच्या आधी हात पुढे करायचा, “आई, चावी दे.”

“चावी मागायला आलास की मला भेटायला?”

“दोन्हीसाठी.”

“मग अर्धं काम झालं. जेव.”

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, त्यांच्या कोतात्सूत, म्हणजे रजई पांघरलेल्या बुटक्या मेजाखाली, पाय घालून, खालच्या शेगडीची ऊब घेत. भांडण म्हणजे काय, दोघांनाही पाठ झालेलं बोलणं होतं. तो म्हणायचा योकोहामाला चल, त्या म्हणायच्या तिथे खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. तो चिडायचा, त्या त्याला भाताचा आणखी एक वाडगा वाढायच्या. भांडण का होईना, त्या घरात तेवढे दिवस आवाज असायचा.

गेल्याच्या गेल्या वर्षअखेरीला मात्र नोबुया निराळाच होऊन आला. आधी माझ्या गॅरेजात शिरला, बूटही झटकले नाहीत. “काका, या वेळी काय तो निकाल लावायचा. तुम्ही आईच्या शेजारी बसा, वरून खाली आणि खालून वर एक फेरी मारा, आणि मला खरं सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर टेम्पो तुमच्याकडे ठेवतो आणि तिला आजच घेऊन जातो. हो म्हणालात तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही.”

“मी काय परीक्षक आहे?”

“तुमच्याइतकं बर्फावरचं कुणाला कळतं? आणि तुम्ही खोटं बोलत नाही.”

झालं, चढवला मला हरभऱ्याच्या झाडावर. वर गेलो. वहिनींना सांगितलं तर त्यांनी शांतपणे अ‍ॅप्रन सोडला, केसांना रुमाल बांधला आणि म्हणाल्या, “बस.” चेहऱ्यावर अशी तकाकी की जणू या दिवसाची वाट बघत होत्या.

दिवसही असा निवडला होता या पोराने, की बघायला नको. आदल्या संध्याकाळी पाऊस पडून रात्रीत गोठलेला. रस्ता आरशासारखा. मी मनात म्हटलं, मी तरी आज गाडी काढली असती का? वहिनींनी दांडा टाकला, गिअर खाली घेतला आणि निघाल्या. ब्रेकला पाय नाही. गाडी जणू स्वतःचं वजन हातात धरून उतरत होती. देवळाखालच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध रानशेळी उभी, राखाडी, केसाळ, जागची हलेना. माझे दोन्ही पाय नसलेल्या ब्रेकवर दाबले गेले. वहिनींनी मात्र फक्त आणखी एक गिअर खाली घेतला, शेवटच्या क्षणी पाय नुसता टेकवला न टेकवला, आणि टेम्पो तिच्यापासून चांगलं अंतर ठेवून थांबला. काच खाली करून त्या म्हणाल्या, “जा बाई घरी. पोरं वाट बघत असतील.” शेळीने जरा विचार केला आणि गेली.

वर चढताना तर कहर केला. अर्ध्या चढावर मुद्दाम थांबल्या. “आता हे कशाला?” मी विचारलं.

“दोन चाकांवर बघ काय होतं.” दांडा काढला, गाडी सोडली, मागची चाकं जागच्या जागी गरगरली, टेम्पो शेपूट हलवून गप्प. मग दांडा टाकला आणि लोणी कापावं तशी गाडी उचलली. वरती अंगणात नोबुया हाताची घडी घालून बघत होता. “बघू दे त्याला,” वहिनी म्हणाल्या. “हौस फिटू दे.”

त्याने मला विचारलं, “काय, काका?”

मी काय सांगणार? “माझ्यापेक्षा बरी चालवते तुझी आई.”

पोराचा चेहरा असा सैल पडला की मलाच बरं वाटलं. किती वर्षांचं ओझं होतं ते त्याच्या डोक्यावर. त्या दिवशी तो पोटभर जेवला, चावीचं नाव काढलं नाही, माझ्याबरोबर साके घेतली, आईच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “जिंकलीस.” वहिनी लहान मुलीसारख्या लाजल्या. आणि ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच तो निघाला. कामं होती म्हणे. असतील.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण तेव्हा ना त्यांना कळलं, ना मला.

फेब्रुवारीत छपरावर बर्फ साचलं. दर वर्षी नोबुया यायचा, या वर्षी शहरातून दोन गडी आले, भाड्याने, त्यानेच फोनवर ठरवून पाठवलेले. सकाळी आले, दुपारी बर्फ उतरवून गेले. वहिनींनी त्यांना चहा विचारला तर म्हणाले, पुढचं छप्पर आहे. मार्चात तो आला नाही. पुढच्या वर्षअखेरीला फोन आला, ‘मुलीची परीक्षा आहे, आणि तू तर ठणठणीत आहेस. काका म्हणाले ना, त्यांच्यापेक्षा बरी चालवतेस.’ माझंच वाक्य माझ्याच तोंडावर.

मग वहिनी पंपावर वारंवार यायला लागल्या. रॉकेलचा डबा अर्धाच भरून न्यायच्या. दोनदा गप्प बसलो, तिसऱ्यांदा म्हटलं, “वहिनी, एकदाच भरून न्या की. एवढ्या बर्फातून खेपा कशाला?”

“डबा भरला की मग खाली यायला कारण काय उरतं?”

त्यांनी हे इतकं सरळ सांगितलं की मी नळी अर्ध्यावरच काढून घेतली. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मीही एकटाच राहतो, पण माझ्याकडे दिवसातून चार माणसं येऊन पेट्रोल महाग झालं म्हणून शिव्या तरी देऊन जातात.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी त्या आल्या, गॅरेजातल्या स्टोव्हपाशी बसल्या, हातमोजे काढले, पुन्हा घातले. मी चहा ठेवला.

“तोकुजी, मी त्या दिवशी एकदा तरी घसरायला हवं होतं.”

“कोणत्या दिवशी?”

“तू शेजारी बसला होतास त्या दिवशी. येत होतं मला घसरवता. वळणावर जरा ब्रेक मारला असता की झालं असतं, भिंतीतच गेलो असतो, मऊ बर्फ होतं. तुझं नाक फुटलं असतं फार तर.”

“माझ्या नाकाची फार काळजी हो तुम्हाला.”

त्या हसल्या नाहीत. “मला वाटायचं, त्याला मी जिंकून दाखवावं. दाखवलं. आता तो येत नाही.” मग म्हणाल्या, “त्याची चूक नाही. ज्याच्यासाठी यायचा ते संपलं ना. तो टेम्पोसाठी यायचा, मी उगाच माझ्यासाठी धरून बसले होते.”

“असं काही नसतं, वहिनी.”

“तू फोन कर त्याला.”

“काय सांगू?”

“सांग, फोर-व्हील गेली. पुढची चाकं जोडत नाहीत म्हणावं. आई वर अडकेल म्हणावं.”

मी टेम्पोकडे पाहिलं. बाहेर उभा होता, धोंडे पाठीवर घेऊन, एक नट ढिला नाही. त्याची पुढची चाकं अशी जोडत होती की नव्या गाडीने शिकावं. आणि मी खोटं बोलत नाही म्हणून तर मला परीक्षक केला होता. पण समोर त्या बसल्या होत्या, हातमोजे काढत-घालत. मी म्हटलं, खड्ड्यात जाऊ दे माझं खरं बोलणं. नंबर लावला आणि आवाज मोठा करून फोन बाकावर ठेवला.

“नोबुया, तोकुजी बोलतोय. आईच्या टेम्पोची फोर-व्हील गेली बघ. पुढची चाकं जोडणारा दांडाच धरत नाही. मागच्या दोन चाकांवर तो चढ व्हायचा नाही.”

“अरे बाप रे. आई ठीक आहे ना?”

“ठीक आहे. पण वर अडकून पडेल. जुनी गाडी, सुटे भागही मिळत नाहीत आता.”

 वहिनी फोनकडे वाकल्या. मग तो म्हणाला, “बरं झालं सांगितलंत, काका. हे असं ठेवून चालणार नाही. आठवड्याभरात काहीतरी करतो. पुढच्या रविवारी, नक्की. आईला म्हणावं तोवर गाडी काढू नकोस.”

“सांगतो.”

“रविवारी,” फोन बंद झाल्यावर वहिनी म्हणाल्या. एवढंच, पण पुन्हा एकदा म्हणाल्या.

त्या आठवड्यात त्या खाली आल्या नाहीत, गाडी बिघडलेली ना. रॉकेल आणि कोंबडी मीच पोचवली. बघतो तर घराचा नूर पालटलेला. नोबुयाच्या गाद्या स्टोव्हभोवती टांगून उबवत होत्या. भात कुटून काठ्यांवर थापायचा, निखाऱ्यावर भाजायचा आणि कोंबडीच्या रश्शात सोडायचा, हे त्याचं लहानपणापासूनचं आवडतं. त्याची तयारी चाललेली. लोणच्याच्या पिंपातून मुळा काढून कापून ठेवलेला. “या वेळी चावी मागितली की देणार आहे,” त्या मला म्हणाल्या. “हो, देणार. भांडायचं थोडं, मग देणार. योकोहामाला पण जाईन. खिडकीतून खिडकी तर खिडकी, कुणीतरी असेल ना त्या खिडकीत.”  इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं.

रविवारी सकाळी माझ्या पंपावर मोठा ट्रक येऊन थांबला. पाठीवर एक छोटा टेम्पो, जवळजवळ कोरा, चंदेरी. शहरातल्या कुठल्याशा दुकानाचा माणूस उतरला, माझ्याकडे चावी दिली, कागदावर शिक्का घेतला. तेवढ्यात नोबुयाचा फोन. आवाजात नुसता आनंद.

“पोचली का, काका? आईला सांगू नका, सरळ वर नेऊन द्या, चकित होऊ दे. सगळ्यात चांगली फोर-व्हील आहे. दांडाबिंडा काही नाही, गाडी आपली आपण ओळखते कुठल्या चाकाला किती जोर हवा. सीट गरम होते. टायरही नवे, तुम्हीच सांगता ना नेहमी टायरचं.”

“तू येतोयस का पण?”

“आता कशाला? तिला तर काही अडचणच राहिली नाही. उन्हाळ्यात बघतो, जमलं तर.”

मला त्याला काय काय सुनवायचं होतं. पण सुनवायचं तर आधी माझं खोटं कबूल करावं लागलं असतं, आणि ते माझं एकट्याचं नव्हतं. मी नुसतं बरं म्हटलं.

गाडी वर नेली. चढावर असं काही गेली की कबूल करायलाच हवं, उत्तम गाडी. आवाज ऐकून वहिनी दारात आल्या, नवा अ‍ॅप्रन, ओठांना किंचित रंग. मागे रश्शाचा वास. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारच्या सीटकडे, मग खाली रस्त्याकडे, कुणी मागून येतंय का म्हणून.

“नोबुयाने पाठवली,” मी म्हटलं. “तुमच्यासाठी.”

“आणि तो?”

“उन्हाळ्यात बघतो म्हणाला.”

त्या गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. आत डोकावल्या. “दांडा कुठाय?”

“नाही. स्वतःच जोडते, स्वतःच सोडते.”

“मग मी काय करायचं?”

“तुम्ही फक्त बसायचं, वहिनी.”

त्यांनी चंदेरी पत्र्यावरून हात फिरवला.  मग विचारलं, “हिला काही होणार तर नाही ना?”

मी चांभाराच्या नजरेने जोड्याकडे बघणारा माणूस. गाडी बघितली आणि सवयीने तोंडातून गेलं, “छे, दहा वर्षं तरी बघायला नको.”

“दहा,” त्या म्हणाल्या. हाताची बोटं पत्र्यावर तशीच होती. “म्हणजे दहा वर्षं तो काही येत नाही.”

 त्या वळल्या, दार माझ्यासाठी धरून ठेवलं आणि म्हणाल्या, “ये आत, निवतंय.” मी बूट काढले, आत गेलो, आणि त्याच्यासाठी मांडलेल्या वाडग्यात जेवलो.